दिलं की ठेवायला दिलं

बरकतपुरा, हैदराबाद
सोमवार, ९ जून २०२५

भावजी,

तब्येतपाणी नंतर विचारते. आधी मला हे सांगा, तुम्ही शाळेला सामान दिलं का माझ्या पोरीच्या पायात खोडा घातला? वर्ष झालं, तुमचा तो पृथ्वीचा गोल करस्पाँडंटच्या खोलीत काचेच्या कपाटात बसलाय. इथं खाजगी शाळेच्या मालकाला करस्पाँडंट म्हणतात. कुणी पालक आला की तो त्या कपाटाकडं बोट दाखवतो, फी सांगतो, अन् कपाटाची किल्ली खिशात घालतो. पोरांच्या हाताला काय लागतं? शनिवारी एक तास. तोही त्रिवेणीनं तिच्या वर्गासाठी भांडून घेतलेला.

फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही. मधीच तुमची सून फोन घेते अन् म्हणते बाबा झोपलेत. सकाळी अकरा वाजता कोण झोपतं? म्हणून लिहिते. एकनाथराव सोमवार-गुरुवार दुकानाचा माल भरायला उदगीरहून बेगम बाजारात येतातच, त्यांच्या हाती देते. त्यांच्याच हाती उत्तर द्या.

काम असं आहे. त्रिवेणीला सरकारी नोकरी लागली. जहीराबादेकडं मुलींची राहून शिकायची शाळा आहे, तिथं गणिताची मास्तरीण. ३० जूनला सकाळी हजर व्हायचं, ओरिजिनल सर्टिफिकिटं घेऊन. अन् ती सगळी, दहावीच्या मेमोपासून (मार्कलिस्टला इथं मेमो म्हणतात) बी.एड.पर्यंत, करस्पाँडंटच्या तिजोरीत. इथल्या शाळा नोकरीला ठेवतानाच ती काढून घेतात, मास्तरीण पळून जाऊ नये म्हणून. सोडतो म्हणलं की आज या, उद्या या. तेलुगूत म्हणतो, "रेपु रंडी अम्मा," म्हणजे उद्या या, बाई. दहा दिवस झाले, त्याचा उद्या उजाडत नाही. शेवटी मीच गेले. तर म्हणतो, "देखो अम्मा, डोनेशन का सामान तुम्हारी बच्ची के नाम पे है. डोनर का कागज लाव, ओरिजिनल ले जाव."

डोनर म्हणजे तुम्ही.

तुमचं सामान यायच्या आधी वर्ग चालत नव्हता का? त्रिवेणी पगारातून खडू-कागद आणायची. मी म्हणलं, थांब. मी पापड-शेवयांच्या मालासाठी बेगम बाजारात जातेच. लग्नपत्रिकेच्या दुकानातून मागच्या हंगामाचे नमुने आणले, जाड, सोनेरी, मागून कोरे. त्याच्यावर तिनं पाढे लिहिले. मसाल्याच्या दुकानातून खोके आणले, त्याचे घन अन् चौकोन झाले. सगळं फुकट. फक्त बोहनीच्या आधी मागायचं नाही. पहिल्या दिवशी मी सकाळी दहालाच हात पसरला तर शेठ खेकसला, "बोहनी नै हुई, तुम फुकट का मांगने आए?" तेव्हापासून एकच्या पुढं जाते. आता तोच आवाज देऊन बोलावतो, "टीचर की अम्मा, ले जाव." कुणी माझ्याकडून कागद लिहून घेतला नाही.

तर तुम्ही एवढंच लिहा: सामान शाळेला दिलं, ते पोरांनी वापरलं, त्रिवेणीकडं माझं काही मागणं नाही. खाली सही. दोन ओळी आहेत. गुरुवारी पाठवा.

भामा

•

उदगीर
बुधवार, ११ जून २०२५

भामाबाईंना हिम्मतरावांचा आशीर्वाद.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. त्रिवेणीला नोकरी लागली याचा आनंद आहे. आपल्या घराण्यात माझ्यानंतर सरकारी शाळेत कुणी गेलं नव्हतं.

परंतु तुम्ही म्हणता तो कागद मला इतक्या सहज लिहिता येत नाही. ते सामान म्हणजे तुमच्या जाऊबाईंचं, सुशीलेचं, स्मारक आहे. पृथ्वीचा गोल, सूक्ष्मदर्शक, मण्यांच्या वीस पाट्या, नकाशे आणि साठ गोष्टींची पुस्तकं मी एकेक निवडून घेतली. प्रत्येक वस्तूवर भांडेवाल्याकडून तिच्या नावाची पट्टी कोरून बसवली, पुस्तकांवर शिक्का मारला. ते सगळं एकत्र राहावं आणि दरवर्षी तिच्या पुण्यतिथीला, ४ जुलैला, सर्व वस्तूंसह मुलांचा फोटो यावा एवढीच माझी अट होती. गेल्या वर्षी फोटो आला. तो देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.

तुम्हाला माहीत नसेल, म्हणून लिहितो. खाजगी शाळांत शिक्षक दरवर्षी बदलतात, मग सामान वाऱ्यावर जातं, अशी शंका मी गेल्या जूनमध्ये कळवली होती. तेव्हा खुद्द त्रिवेणीने मला लेखी उत्तर दिलं: "सामान माझ्या ताब्यात राहील, एक वस्तू हरवणार नाही, आणि मी ही शाळा सोडून जाणार नाही." खाली तिची सही आहे. अक्षर पोरकट आहे, पण इंग्रजीत शिकलेल्या मुलीने हैदराबादेत राहून एवढं मराठी लिहिलं याचंच मला कौतुक वाटलं. तिच्या त्या शब्दावर मी सामान रवाना केलं आणि पत्राची एक झेरॉक्स शाळेलाही पाठवली. तेव्हा अडकवलं मी नाही. शब्द तिचा आहे.

तरीही मार्ग काढू. वस्तूंची आजची यादी पाठवा. ४ जुलैचा फोटो येऊ द्या. त्याच दिवशी मी कागद लिहितो. चार दिवसांनी काय बिघडतं?

हिम्मतराव

•

बरकतपुरा
सोमवार, १६ जून २०२५

भावजी,

चिठ्ठी गुरुवारीच मिळाली. गुरुवारीच उत्तर दिलं असतं तर तुमच्यानं ते वाचवलं नसतं. म्हणून चार दिवस गिळून बसले. आता लिहिते.

चार दिवसांनी काय बिघडतं म्हणता? सरकारी कागदावर ३० तारीख छापलीय. नाही गेली तर यादीत खालची मुलगी जाते. तुम्ही एकतीस वर्षं सरकारी पगार घेतला, तुम्हाला हे मी सांगायचं?

शब्द-बिब्द सोडा. यादी मागितली ना, घ्या. गोल आहे. नवाच आहे, कुणी फिरवला तर ना. तुम्ही जाऊबाईंचं नाव समुद्राच्या मधोमध चिकटवलंय. मागच्या शनिवारी एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ये कौनसा देश है?" सगळा वर्ग हसला. त्रिवेणी नाही हसली. तिनं सांगितलं, ही माझी काकू. भिंगाचं यंत्र आहे. नकाशे आहेत. मण्यांच्या पाट्या सतरा. तीनची तार तुटली, मणी डब्यात आहेत.

पुस्तकं बावीस.

थांबा, पुढं वाचा. विकली नाहीत. उंदरानं खाल्ली नाहीत. शनिवारच्या तासाला त्रिवेणी एकेक पुस्तक एकेकाच्या हातात देते, म्हणते घरी ने, आईला वाचून दाखव, पुढच्या शनिवारी आण. बहुतेक आणतात. पण तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचे आईबाप मेस्त्रीच्या हाताखाली बांधकामावर. काम संपलं की खोपटं मोडतात, पोतं डोक्यावर घेतात अन् वरंगलला, नाहीतर बिदरला. कळवायला येत नाहीत. पोर जातं, पोराच्या पिशवीत पुस्तक जातं. एक मुलगी जाताना बाहेरच्या गेटवर उभी होती म्हणे, पुस्तक द्यायला. वॉचमननं आत सोडलं नाही, फी बाकी होती. त्रिवेणी वरच्या खिडकीतून ओरडली, "रख ले, रख ले तूच."

आता बोला. हे हरवलं का?

मला एक कळत नाही. आपल्यात भांड्यावर नाव घालतात कशाला? लग्नाच्या पंगतीला गेलेलं पातेलं घरी परत यावं म्हणून. कुणाला पोटभर जेवायला द्यायचं तर त्याच्या पोटावर कुणी नाव घालत नाही. तुम्ही जाऊबाईंचं नाव घातलं ते परत यायसाठी घातलं का? मग दिलं कशाला? ठेवायला दिलं म्हणा. तसं आधीच सांगितलं असतं तर मी कपाट माझ्याच घरात मांडलं असतं, पापडाच्या डब्यांशेजारी. रोज पुसलं असतं.

फोटो-बिटो नाही. बावीस पुस्तकं धरून साठ पोरं उभी करणार का? कागद पाठवा. गुरुवारी नाही आला तर सोमवारी पुन्हा लिहिते. मला थकवा येत नाही.

भामा

•

उदगीर
बुधवार, १८ जून २०२५

भामाबाई,

अडतीस.

काल दिवसभर गेलेल्या पुस्तकांचा हा आकडा डोक्यात फिरतो आहे. रागावलो असं समजू नका. रागावलो असतो तर सोपं होतं.

तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. सामान सुशीलेच्या पाटल्यांचं आहे. दवाखान्यात असताना तिने स्वतः मला सांगितलं, पाटल्या सुनांना देऊ नका, भांडतील, पोरांना पुस्तकं घ्या. मी एकटाच तिथे होतो. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. ओमकार आणि रितेश दोघांनाही वाटतं की म्हाताऱ्याने आईच्या पाटल्या कुणाच्या तरी भरीला पडून उधळल्या. तुमच्या भरीला, असं स्पष्टच म्हणतात. सूनबाई फोन का घेते ते आता कळलं असेल. मी त्यांना एवढंच सांगत आलो की वस्तू जागच्या जागी आहेत, नाव टिकलं आहे, दरवर्षी फोटो येईल. तो एक फोटो आहे म्हणून मी या घरात मान वर करून जेवतो. आता "वस्तू वापरल्या, मागणं नाही" असं लिहून सही केली की तो कागद करस्पाँडंट लगेच पुण्याला रितेशला पाठवील. शाळेशी पत्रव्यवहार त्याच्याच नावाने होतो, कारण संगणकावर तो लिहितो.

म्हणजे त्रिवेणीला सोडवायचं तर मी अडकतो. एके काळी मी हेडमास्तर होतो, पण मला आता या घरात एक खोली आहे आणि एक देव्हारा.

आणखी एक. हे सगळं तुम्हीच का लिहिता? त्रिवेणी का लिहीत नाही? गेल्या वर्षीचं तिचं पत्र आणि तुमची ही दोन पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. मी आयुष्यभर वह्या तपासल्या. "ळ"ची गाठ कोण कशी मारतं ते मला कळतं.

मी विचारणार नाही. तुम्हीच सांगा.

हिम्मतराव

•

बरकतपुरा
सोमवार, २३ जून २०२५

भावजी,

सांगते. आता लपवून उपयोग नाही, पोरीलाही कळलं.

शुक्रवारी करस्पाँडंटनं तुमची ती झेरॉक्स तिच्यापुढं टाकली. म्हणाला, तूच लिहून दिलंस की नाही सोडणार. ती घरी आली. मी शेवया मोडत होते. चप्पल काढली नाही, तशीच समोर उभी राहिली.

"आई, ही सही कुणाची?"

"तुझी."

"मी केली?"

"मी केली. तुझी."

"अशी कशी तू माझी सही करते?"

"लहानपणापासून करते. तुझ्या शाळेच्या फॉर्मवर कुणी केली? तुझ्या स्कॉलरशिपवर कुणी केली?"

"तेव्हा मी दहा वर्षांची होते, आई." मग हळूच म्हणाली, "आणखी काय काय लिहून दिलं माझ्या नावानं? सांग एकदाच. लग्न-बिग्न तर ठरवून ठेवलं नाही ना?"

मला वाटलं हसेल. हसली नाही. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, हात धुतले अन् माझ्याबरोबर शेवया मोडायला बसली. तेच जास्त लागलं. ओरडली असती तर मीही ओरडले असते. मला ओरडता येतं.

कसं झालं ते ऐका. तिला मी सांगितलंच नव्हतं की तुमच्याकडं मागितलं म्हणून. ती म्हणायची, नातेवाइकांपुढं हात पसरायचा नाही. मी म्हणलं, बाजारात पसरते, घरच्यापुढं पसरायला काय झालं? तुम्हाला लिहिलं. तुमचं उत्तर आलं की मास्तरीण सोडून गेली तर सामानाचं काय? लेखी द्या. सामान तर पाहिजे होतं. चौथीपर्यंत शिकले मी, पण एवढं कळतं की मोठा माणूस देताना शब्द मागतो. तर दिला शब्द. तिच्या नावानं दिला कारण नोकरी तिची होती. मला वाटलं घरातली सही घरात. कोण कोर्टात जातंय.

हे खरं आहे, पण सगळं नाही.

"मी ही शाळा सोडून जाणार नाही" हे तुम्ही मागितलंच नव्हतं. तुम्ही फक्त सामानाचं विचारलं होतं. तुमचं ते पत्र माझ्याकडं आहे, काढून बघितलं. ती ओळ मी आपल्या मनानं घातली. अन् घालताना हात अडखळला नाही, भावजी. बरं वाटलं. हे गेल्यापासून ह्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती साडेचारला येते, चहा टाकते, करस्पाँडंटची नक्कल करते. ती राहणार असं लिहिल्यावर ती राहणारच असं वाटलं मला. कपाटाला कुलूप त्यानं लावलं. त्याच्या हातात किल्ली मी दिली.

शनिवारी त्याच्याकडं गेले. म्हणलं, साहेब, सही माझी आहे, पोरीचा कसूर नाही, तिचे कागद द्या. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. मला वाटलं पाझर फुटला. मग म्हणतो, "तो फिर और अच्छा, अम्मा. ये झूठा दस्तखत है, पुलिस में दूं क्या? नक्को ना? तो चुप बैठो. ऐसी मॅथ्स की टीचर मेरे कू किधर मिलती, इत्ते पगार में?" घ्या. तेव्हा कळलं. त्याला ना तुमचा गोल पाहिजे, ना पुस्तकं. त्याला त्रिवेणी पाहिजे, स्वस्तात. म्हणून मी म्हणलं, "डोनर का कागज लाए तो?" त्यानं दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "लाए तो देना पडेगा. मैं अपने मुंह से बोला है, स्टाफ के सामने बोला है." दोन मास्तरणी दारातच उभ्या होत्या. त्यांचेही मेमो त्याच तिजोरीत आहेत. त्या माझ्याकडं बघत होत्या, मी काय बोलते ते.

तर आता मला दुसरा रस्ता नाही. खरं बोलले तर पोरीवर बट्टा, खोटं टिकवलं तर पोर कोंडलेली. तुमच्या सहीशिवाय दार नाही.

तुमचं घर मला कळलं. मला वाटायचं तुम्ही मोठेपणासाठी फोटो मागता. चुकलं माझं. जाऊबाई पाटल्यांचं बोलल्या तेव्हा तुम्ही एकटेच होता, खरं. पण त्याच आठवड्यात मी दवाखान्यात डबा घेऊन आले होते. मला त्या पाटल्यांचं काही बोलल्या नाहीत, खोटं सांगणार नाही. एवढंच बोलल्या की, "ह्यांना बाहेर पडायला काही तरी काम लावून दे गं, नाहीतर पोरं ह्यांना कोपऱ्यात बसवतील." रितेशला सांगायचं तर हे सांगा. पाहिजे तर मी येऊन सांगते. ओमकारसमोर सांगते, सुनांसमोर सांगते. मला जिभेची लाज नाही.

अडतीस पुस्तकांची यादी त्रिवेणीनं रात्रभर नाही, तासाभरात लिहून दिली. तिला तोंडपाठ आहे. कोणतं पुस्तक, कोणतं पोर, कोणत्या गावाकडं गेलं. सोबत जोडलीय. सात ठिकाणी गावाचं नाव माहीत नाही, तिथं तिनं कोरं सोडलंय. मी म्हणलं काहीतरी लिही. म्हणाली, नाही.

आता नीट वाचा. ह्या चिठ्ठीत दोन कागद घातलेत. दोन्ही मजकूर शेजारच्या शिल्पानं कॉम्प्युटरवर काढून दिलेत, मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पहिल्यावर लिहिलंय: मी सामान दिलं ते कायमचं दिलं, परत मागणार नाही, फोटो मागणार नाही, आणि गेल्या वर्षीचं पत्र त्रिवेणीचं नव्हतं हे मला कळलेलं असून ते मी रद्द समजतो.

दुसऱ्यावर लिहिलंय: मी सामान ठेवायला दिलं आहे, सबब त्रिवेणीनं ही शाळा सोडू नये.

एकावर सही करा. दुसऱ्यावर करायची तर तीही करा, मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण मग तो कागद मी तिला स्वतःच्या हातानं देणार अन् सांगणार की बाई, तुला मी अडकवलं अन् काकांनी गाठ मारली. दोन्ही कोरे पाठवाल, "विचार करून कळवतो" लिहाल, तब्येतीचं कारण सांगाल, तर ते चालणार नाही. आतापर्यंत ह्या घरात दुसऱ्याच्या नावानं पुष्कळ सह्या झाल्या. ही तुमची तुम्ही करा. सुनेला लपवून करायची तर लपवून करा, पण करा.

एकनाथराव गुरुवारी, २६ तारखेला, साडेअकराला बसमधून उतरतात. मी अकरालाच जाऊन उभी राहते. शुक्रवारी-शनिवारी शाळा उघडी आहे, सोमवारी तिला सकाळी सहाची गाडी आहे. गुरुवारी मला कागद पाहिजे. कोणता ते सांगा.

भामा